महाविद्यालयाची कबड्डी कुठे खेळवावी?

महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांची कबड्डी आता उघड्या मैदानावरून उचलून एखाद्या मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात न्यावी, असे म्हणणारी मंडळी वाढली आहेत. ही मंडळी खेळाची वैरी नाहीत. त्यांतले काही जण स्वतः खेळले आहेत, काहींनी वर्षानुवर्षे पंच म्हणून उन्हातान्हात उभे राहून काम केले आहे. म्हणून त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. ते म्हणतात, वरच्या पातळीवरचे सगळे सामने मॅटवर होतात. मातीत वाढलेला मुलगा निवड चाचणीत अडखळतो. विद्यापीठाच्या स्पर्धा पहिल्या सत्रात आल्या की डोक्यावर पाऊस असतो. उघड्या मैदानावर गर्दी आवरत नाही, पंचांशी हुज्जत होते. आणि प्रेक्षकाने आता मैदानावर यायलाच हवे असे नाही, सामना मोबाईलवर दिसतो. अलिबागजवळ नेहुलीला जिल्हा क्रीडा संकुल आहे, मुंबईत तर सभागृहेच सभागृहे. तिकडे जावे.

याच्या समोर दुसरा पक्ष उभा आहे. त्याचे म्हणणे, सामना महाविद्यालयाचा आहे तर तो महाविद्यालयाच्या आवारातच व्हायला हवा; फाटकाबाहेर गेला की त्यातला आपलेपणा गेला.

मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. संघाने आवाराबाहेर जावे असेच माझे म्हणणे आहे; पण जायचे ते जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, गावांकडे. बिरवाडी, वरंध, विन्हेरे, कापडे, पितळवाडी अशा ठिकाणी. आणि जाताना मॅट बरोबर न्यावी.

या संघाचा प्रेक्षक कोण आहे, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी सोडून दिला आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे. महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय किंवा पोलादपूरचे सुंदरराव मोरे महाविद्यालय ही वसतिगृहांनी गजबजलेली विद्यापीठनगरे नव्हेत. इथला विद्यार्थी सकाळच्या एसटीने येतो आणि दुपारच्या गाडीने परततो. संध्याकाळी आवार रिकामे असते. त्या मुलाची कबड्डी आवारात जन्मलेली नसते. ती गावदेवीच्या जत्रेत, गावच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर, मे महिन्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांविरुद्ध खेळून तयार झालेली असते. त्याला पहिल्यांदा चढाईला पाठवले ते मंडळातल्या थोरल्यांनी. त्याचा गुडघा फुटला तेव्हा हळद लावली ती आईने. महाविद्यालयाच्या संघात त्याचे नाव लागले की गावातली सगळी वाडी त्या संघाची होते. या संघाचा खरा चाहता घाटाच्या पायथ्याला, नदीच्या काठाला, डोंगराच्या खांद्यावरच्या वस्तीत राहतो, आणि सामना कुठे भरवायचा हे ठरवताना त्यालाच कुणी विचारत नाही.

आता नेहुलीचा विचार करा. महाडहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास. पोलादपूरहून त्यात आणखी अठरा-वीस किलोमीटर, आणि कुडपण किंवा मोरसडे भागातल्या माणसाला आधी पोलादपूरच गाठायचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची रखडपट्टी ज्याने सोसली आहे त्याला हे अंतर तासांत किती होते ते सांगायला नको. गुरांचे दूध काढून, भाकरी बांधून निघालेला माणूस एक सामना पाहून त्याच दिवशी घरी येणार कसा? संध्याकाळची मुक्कामी गाडी चुकली की त्याची रात्र स्टँडवर. संघ जातो, कारण संघाला गाडी मिळते, भत्ता मिळतो, प्रमाणपत्र मिळते. प्रेक्षकाला यातले काही नाही. तो येत नाही, आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हटले जाते की लोकांना आता रस उरला नाही. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. ज्याला येताच येणार नाही अशा ठिकाणी बोलावून त्याच्या गैरहजेरीचा अर्थ लावणे बरोबर नाही.

मोठे सभागृह म्हणजे मोठा सन्मान, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुषांचा आइस हॉकी संघ २०१४ पासून स्टॉर्समधले आवार सोडून हार्टफर्ड शहरातल्या मोठ्या सभागृहात घरचे सामने खेळू लागला. अंतर साधारण चाळीस किलोमीटर, रस्ते उत्तम. तरीही विद्यार्थ्यांना दर सामन्याला तिकडे जायचे आणि रात्री परतायचे, हा प्रश्न उरलाच. अखेर त्या विद्यापीठाने आवारातच सुमारे २६०० आसनांचे नवे क्रीडागृह बांधले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते सुरू केले. हार्टफर्डच्या सभागृहाच्या मानाने ते कितीतरी लहान आहे. तिथला चाहता आवारात राहतो, म्हणून संघ आवारात परतला. आपला चाहता गावात राहतो. तत्त्व तेच लावले तर आपल्या संघाने कुठे जायला हवे, हे उघड आहे.

कबड्डीच्या बाबतीत तर अंतराला आणखी एक अर्थ आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचे १२ बाय ८. एवढ्या जागेत चौदा खेळाडू आणि तीस सेकंदांची चढाई. हा खेळ जवळून पाहण्याचा आहे. चढाई करणाऱ्याचा दम ऐकू यायला हवा. तो ‘कबड्डी, कबड्डी’ अखंड म्हणतो आहे की मध्ये तुटला, हे पंचाइतकेच रेषेलगत बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळते. कोपऱ्यातल्या खेळाडूने घोट्यावर नजर ठेवून घेतलेला अर्ध्या पावलाचा पवित्रा, साखळीतल्या दोघांनी एकमेकांच्या बोटांना दिलेली ओढ, हे पाच-सात मीटरवरून दिसते. उंच छताच्या सभागृहात, दूरच्या खुर्चीवरून, ध्वनिवर्धकावरच्या संगीतात यातले काही पोचत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, वरळीच्या डोममध्ये दिवे झगमगले, आणि खेळाडूंच्या हाती प्रथमच बरा पैसा आला. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती रचना कॅमेऱ्यासाठी आहे. दहा कॅमेरे जे टिपतात ते घरबसल्याला दिसते. महाविद्यालयाच्या सामन्याला दहा कॅमेरे नसतात. तिथे प्रेक्षकाचे डोळे हाच कॅमेरा, आणि तो जवळच बसायला हवा.

मोबाईलवर सामना दिसतो या युक्तिवादाला याहून जास्त उत्तर देण्याची गरज नाही. एका कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या फोनवरचे हलते चित्र, आणि पोलादपूरच्या दऱ्यांत नेटवर्कची जी अवस्था आहे ती, एवढे पुरे.

मॅटचा मुद्दा मात्र खरा आहे. मॅटवर बूट घालून खेळावे लागते, पाऊल वेगळे पडते, वळताना घोट्यावर आणि गुडघ्यावर ताण वेगळा येतो. अनवाणी मातीत घोटलेला पवित्रा तिथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्या मुलांना मॅट मिळालीच पाहिजे, यावर माझा वाद नाही. वाद आहे तो मॅट म्हणजे सभागृह या समीकरणावर. मॅट ही जमिनीला चिकटवलेली फरशी नव्हे. ती एक मीटर चौरस तुकड्यांची असते, दातेरी कडा एकमेकींत बसवायच्या आणि सामना संपला की उचलायच्या. पुरुषांच्या क्रीडांगणाला असे १३० तुकडे लागतात, भोवतीच्या पट्ट्याला आणखी काही. तुकडा चार सेंटीमीटर जाडीचा धरला तर १३० तुकड्यांची एकावर एक थप्पी सव्वापाच मीटरची होईल. तिच्या पाच थप्प्या केल्या की प्रत्येक जेमतेम एक मीटर उंच. हे सगळे एका टेम्पोत मावते. वीस पोरे हाताशी असली तर अंथरायला फार वेळ लागत नाही, आणि गावात वीस पोरे नेहमीच हाताशी असतात. शंभर माणसे मॅटकडे नेण्याऐवजी मॅट माणसांकडे न्यावी, इतके हे सोपे आहे.

उघड्यावरच्या मॅटला अडचणी आहेत, त्या लपवणार नाही. खालची जमीन सपाट आणि घट्ट हवी. भातकापणीनंतरचे खाचर तसेच चालणार नाही, मुरूम टाकून रोलर फिरवावा लागेल आणि मॅटखाली ताडपत्री घालावी लागेल. दुसरी अडचण दवाची. डिसेंबर-जानेवारीत आपल्या खोऱ्यांत दिवस मावळला की दव उतरते, मॅट ओलसर होते आणि बूट घसरतो. गावच्या मंडळांना प्रकाशझोतातल्या सामन्यांचा शौक आहे, पण मॅटवरचा महाविद्यालयीन सामना दिवसाच व्हायला हवा. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मधली विश्रांती आणि थांबे धरून तासाभराचा. साडेतीनला सुरुवात केली तर मुलींचा एक आणि मुलांचा एक, असे दोन्ही सामने उजेडात संपतात.

पावसाचा मुद्दाही खरा, आणि तो सर्वांत अवघड आहे. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाडला बहुधा मैदान दिसतही नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या मुलखात पावसाळ्यातल्या स्पर्धेला छप्पर हवेच. पण छप्पर हवे म्हणजे भिंती, काचा आणि वातानुकूलन हवे असे नव्हे. खांबांवर पत्र्याची उंच शेड, चहूबाजूंनी उघडी, पागोळ्या दूर पडतील एवढी रुंद. अशी एक महाडला आणि एक पोलादपूरला झाली तर पाऊसकाळ निभतो. प्रत्येक तालुक्याला क्रीडा संकुल हे राज्याचे धोरण आहेच, त्यात ही शेड आधी मागावी. जागा निवडताना मात्र २२ जुलै २०२१ आठवावा. सावित्री-गांधारीच्या पुराने त्या दिवशी महाडच्या बाजारपेठेतले तळमजले बुडवले. शेड पूररेषेच्या वर हवी आणि मॅट ठेवायची खोली माळ्यावर हवी, नाहीतर पहिल्याच मोठ्या पुरात ती तरंगत जाईल. सामने मात्र, जे आपल्या हातात आहेत ते मैत्रीचे आणि निमंत्रितांचे सामने, दिवाळीनंतर गावोगाव ठेवावेत.

गर्दीबद्दल बोलायचे तर भांडणाची भीती मला खोटी वाटत नाही, पण भिंतींनी भांडण थांबत नाही. ओळखीच्या गावात, पोलीस पाटील आणि मंडळाचे अध्यक्ष समोर बसलेले असताना, पंचाच्या अंगावर धावून जाणे अवघड असते. परक्या शहराच्या सभागृहात कुणाला कुणाची भीड नसते. मला धोका वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांची तात्पुरती गॅलरी कोसळली आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. हौसेने बांबू-फळ्यांचे मजले उभारणाऱ्या प्रत्येक मंडळाने ही घटना लक्षात ठेवावी. आपल्याकडे गॅलरी बांधायची गरजही नाही. उताराच्या पायथ्याशी क्रीडांगण आखले की वरकस जमिनीचा बांध हीच बैठक होते. बांधावर लोक बसावेत, पुढे दोरी असावी, आणि सामना पाहण्यासाठी कुणी झाडावर किंवा पत्र्यावर चढू नये, एवढी शिस्त मंडळाने पाळायची.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. आवारातच खेळा म्हणणाऱ्यांच्या भावनेशी माझे भांडण नाही. वर्गमित्रांचा आरडाओरडा, खिडक्यांतून डोकावणारे शिक्षक, यांचे मोल आहे, आणि सरावाची जागा आवारच असावी. पण महाविद्यालयाच्या फाटकाचा गावच्या माणसाला संकोच वाटतो, हे आपण मान्य करायला हवे. ज्याने शाळा चौथीत सोडली तो बाप मुलाच्या महाविद्यालयात मोकळेपणाने शिरत नाही. बायकांचे तर त्याहून अवघड. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. अशी मुलगी आपल्या खोऱ्यातूनही निघू शकते. पण मुलीला खेळू द्यायचे की बारावीनंतर घरी बसवायचे, हा निर्णय ज्या आईच्या आणि आजीच्या शब्दावर फिरतो, त्यांनी तिचा एकही सामना पाहिलेला नसतो. बांधावर बसून त्यांनी तिची एक पकड पाहिली, शेजारणीने तिचे नाव घेऊन टाळी वाजवलेली ऐकली, तर घरातले बोलणे बदलते. दूरच्या सभागृहात मुलगी जिंकून आली तरी घराला फक्त तिची उशिरा झालेली वेळ दिसते. या एका कारणासाठीसुद्धा मी सामना गावात नेण्याचा आग्रह धरीन, बाकी सगळी कारणे बाजूला ठेवूनही.

खर्चाचे म्हणाल तर संघ, राखीव खेळाडू आणि शिक्षक यांना वारंवार अलिबाग-मुंबईला नेण्याआणण्यापेक्षा टेम्पो वीस-पंचवीस किलोमीटर फिरवणे कुठल्याही हिशेबात स्वस्तच पडेल. मॅट महागडी आहे, हे खरे. ती दोन महाविद्यालयांनी मिळून घ्यावी; मुंबईतल्या गावकरी मंडळांनी वर्गणी द्यावी, मंदिराच्या सभामंडपाला ते देतातच. बूटही मॅटबरोबरच घ्यावेत, कारण बुटांवाचून मागे राहणारी मुले प्रत्येक संघात असतात.

महाड आणि पोलादपूरच्या महाविद्यालयांच्या क्रीडा समित्यांना माझी विनंती आहे. या दिवाळीनंतर दोन्ही संघांचा एक सामना बिरवाडीला आणि एक कापड्याला ठेवून पाहा. तारीख ठरवण्याआधी त्या गावच्या मंडळाला विचारा, आणि सामन्याची वेळ मुक्कामी गाडीची वेळ पाहून ठरवा.