शिशाचे सोने आणि किमयागारांवरील अन्याय

सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात शिशापासून सोने निर्माण झाल्याची बातमी मे २०२५ मध्ये आली आणि किमयागारांचे स्वप्न अखेर साकार झाल्याचा गजर सुरू झाला. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरसह अनेक भारतीय संस्था या प्रयोगात सहभागी असल्याने भारतात तिचे कौतुक होणे स्वाभाविकच. शिशाच्या अणुकेंद्रातील ८२ प्रोटॉनांपैकी ३ निसटले की उरतात ७९, म्हणजेच सोने. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८६ अब्ज सुवर्णकेंद्रे तयार झाली. त्यांचे एकत्रित वस्तुमान अवघे २९ पिकोग्रॅम. सोनाराच्या काट्याला त्याची गंधवार्ताही लागणार नाही. तीही क्षणार्धात फुटून गेली.

हे भौतिकशास्त्र चोख आहे. खटकते ती किमयागारांची प्रतिमा : धूर, मंत्र आणि हाव. सतराव्या शतकातील युरोपातले किमयागार असे भोळे नव्हते. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने परिसाच्या शोधात मूत्र आटवले आणि १६६९ मध्ये त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस लागला. वायूंच्या नियमामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला रॉबर्ट बॉइल आयुष्यभर परिसाच्या मागे होता. (सोने-चांदी ‘वाढवण्यास’ बंदी घालणारा १४०४ चा इंग्लंडमधील कायदा १६८९ मध्ये रद्द झाला, त्यामागे त्याचेच प्रयत्न होते.) न्यूटनने या विद्येवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले, पुढे टांकसाळीचा प्रमुख म्हणून नाण्यांतील सोन्याची शुद्धता राखणे हेच त्याचे काम झाले!

एवढी शहाणी माणसे का भुलली? कारण त्यांच्यापुढे पुरावा होता. बॉइलला प्रयोगविद्येचे धडे देणाऱ्या जॉर्ज स्टार्कीने अँटिमनीच्या साहाय्याने एक विशेष पारा सिद्ध केला होता. लॉरेन्स प्रिन्सिपे या इतिहासकाराने ती सांकेतिक कृती उलगडून आधुनिक प्रयोगशाळेत करून पाहिली. त्या पाऱ्यात सोने घालून बंद काचपात्र मंद आचेवर ठेवले, तेव्हा आत फांद्या फुटलेले धातूचे झाड उभे राहिले. धातू भूगर्भात वाढतात असे मानणाऱ्या काळात हे झाड पाहणाऱ्याने सोनेही वाढवता येईल असे अनुमान काढले, तर ते मूर्खपणाचे कसे? अनुमान चुकले. भट्टीची आच अणुकेंद्रापर्यंत पोहोचत नाही, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

लबाडही होतेच. ढवळण्याच्या पोकळ दांड्यात सोने दडवून मेणाने तोंड बंद करणाऱ्यांच्या युक्त्या झोफ्रुआने १७२२ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे उघड केल्या. त्याच सुमारास ‘रसायन’ प्रतिष्ठित झाले, ‘किमया’ ठकांच्या खाती जमा झाली आणि ऊर्ध्वपातन, धातुशुद्धी, काटेकोर तोलमाप ही किमयागारांची मिळकत मात्र नव्या नावाने मिरवू लागली. पाठ्यपुस्तकांतला बॉइल त्या वाटणीनंतरचा आहे. त्याची भट्टी त्यांत दिसत नाही.