ऑटम, शरद आणि पडलेली सफरचंदे

इंग्रजी 'ऑटम'चे भाषांतर 'शरद' असे करण्याचा प्रघात आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात काही खटकण्याजोगे असेल असे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. पंचांगाच्या हिशेबाने त्यात चूक काढता यायची नाही. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, आणि इंग्लंडातला ऑटमही सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरअखेरपर्यंत रेंगाळतो. परंतु ऋतूचे नाव केवळ तारखा सांगत नाही. शरद म्हटले की मराठी मनात धुतलेले आकाश येते, निवळलेल्या नद्या येतात, कोजागरीचे चांदणे येते. इंग्लंडात याच सुमारास आकाश खाली उतरलेले असते आणि चंद्र दिसलाच तर धावत्या ढगांतून. ही विसंगती ज्यांच्या ध्यानात आली त्या भाषांतरकारांनी दुसरा शब्द पुढे केला, 'पानगळ'. तो अधिक लोकप्रिय झाला, आणि माझ्या मते त्यानेच अधिक नुकसान केले.

पानगळ आपल्याकडे शिशिरातली. माघ-फाल्गुनात सह्याद्रीच्या उतारांवरची झाडे निष्पर्ण होतात, आणि त्याच सुमारास पळस-पांगारा फुलतो. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) ज्यांनी वाचले आहे त्यांना मराठी मुलखातला ऋतू किती सूक्ष्मपणे महिन्यामहिन्याने बदलतो हे वेगळे सांगायला नको. ती पानगळ उचलून आपण एका वेगळ्या अक्षांशावरच्या ऋतूला चिकटवली. मग ऑटमविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात लाल-पिवळी पाने आली, उदासी आली, आयुष्याच्या उतरणीची रूपके आली. परदेशस्थ मराठी लेखनात तर हा ऋतू एक देखावा होऊन बसला आहे: गाडीत बसून पाहायला जायचे, छायाचित्रे काढायची, परत यायचे. या ऋतूत काम असते, आणि तेही वर्षातले सर्वांत घाईचे, हे त्या लेखनातून कधी कळत नाही.

वास्तविक इंग्रजी भाषेचा इतिहास काही निराळेच सांगतो. 'ऑटम' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. त्यापूर्वी इंग्रज माणूस या ऋतूला 'हार्वेस्ट' म्हणत असे. जर्मन भाषेत आजही ऋतूचे नाव 'हेर्ब्स्ट' आहे, आणि ते त्याच धातूचे भावंड आहे. म्हणजे ऋतूचे मूळ नाव पीक घरात आणण्यावरून पडलेले. याला मराठीत एक नेमका, जुना, घामाचा वास असलेला शब्द आहे: सुगी. आपल्या सुगीचे महिने थोडे पुढे-मागे होतात हे मान्य. पण ऋतूचा आत्मा पकडायचा तर 'शरद'पेक्षा आणि 'पानगळी'पेक्षा 'सुगी' कितीतरी जवळचा आहे.

या गैरसमजाचे एक मूळ मला आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात दिसते. १८१९ सालच्या एकाच ऑटममध्ये दोन प्रसिद्ध इंग्रजी कविता लिहिल्या गेल्या. १९ सप्टेंबरला विंचेस्टर येथे कीट्सने 'टु ऑटम' लिहिली. पुढच्या महिन्यात फ्लॉरेन्सजवळच्या वनात शेलीला 'ओड टु द वेस्ट विंड' सुचली. शेलीच्या कवितेत पश्चिमेचा वारा आहे आणि त्याने उधळलेली मृत पाने आहेत. कीट्सच्या कवितेत गळणारे एकही पान नाही. तिथे फळांनी वाकलेली सफरचंदाची झाडे आहेत, धान्य आहे, सायडर गाळण्याचा घाणा आहे. आपण दोन्ही वाचल्या, परीक्षेत दोन्हींवर टिपा लिहिल्या, पण मनात ठेवली ती शेलीची. रोमँटिक तरुणाला घाण्यापेक्षा वादळ जवळचे वाटावे यात नवल नाही.

ज्याच्या परसात सफरचंदाचे झाड आहे त्याला मात्र अशी निवड करता येत नाही. शेलीचा वाराच कीट्सची फळे पाडतो.

इंग्लंडातल्या जुन्या उपनगरी घरांमागे सफरचंदाचे एखादे झाड हमखास असते, आणि पुष्कळदा ते ब्रॅम्लीचे असते. हे फळ बाजारातल्या सफरचंदासारखे नव्हे. मोठे, हिरवे, थोडे वेडेवाकडे, आणि इतके आंबट की कच्चे खाणारा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. ते शिजवायचे फळ आहे. मॅलिक आम्लाच्या जोरावर शिजताना ते पार विरघळते आणि त्याचा फेसाळ, हलका गर होतो. वाढलेल्या मोठ्या झाडाला चांगल्या वर्षी शंभर किलोंच्या वर फळ धरते. आता असे घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने पाहा. सप्टेंबर उजाडला की हिरवळीवर आंबट फळांचा सडा, त्यावर गांधीलमाश्या, आणि दर रविवारी वाकून वाकून तो सडा बागेच्या कचऱ्याच्या डब्यात भरणे. माझ्या ओळखीच्या तीन घरांत या झाडांवर करवत चालली आणि तिथे फरशी आली. तिन्ही घरांत दुकानातून आणलेली, चकचकीत, हजारो मैलांवरून आलेली सफरचंदे डायनिंग टेबलावर होती. 'कचरा फार व्हायचा हो,' हे तिन्हींकडचे कारण.

मला त्यांचा राग येत नाही, पण वाईट वाटते, आणि त्याहून अधिक आश्चर्य वाटते. कारण ही माणसे कोकणातली, देशावरची. वैशाखातल्या वावटळीत पडलेल्या कैऱ्या गोळा करून आणणाऱ्या आज्यांची नातवंडे. त्या कैरीला कुणी कचरा म्हटले नव्हते. तिची आंबोशी झाली, लोणचे झाले, पन्हे झाले, मेथांबा झाला. कैरी आंबट आहे म्हणून आंब्याचे झाड तोडा, असे म्हणणाऱ्याला गावाने वेड्यात काढले असते. ब्रॅम्लीला त्यांनी 'सफरचंद' या नावाने ओळखले, सफरचंदाची गोडी अपेक्षिली, आणि ती नाही म्हणून झाड निकालात काढले. त्याला कुणी पहिल्या दिवशी 'विलायती कैरी' म्हटले असते तर ती तीन झाडे वाचली असती असे मला प्रामाणिकपणे वाटते. नावाचा प्रश्न नुसता साहित्यिकांचा नसतो तो असा.

या झाडाचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. नॉटिंगहॅमशरमधील साउथवेल या गावी १८०९ साली मेरी अॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बी पेरले, त्यातून पहिले झाड उगवले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाकडे गेले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने कलमे मागितली तेव्हा ब्रॅम्लीने एकच अट घातली, फळाला माझे नाव द्यायचे. ज्या मुलीने बी पेरले तिचे नाव राहिले नाही. असो, हे काही फक्त फळांच्याच बाबतीत घडते असे नाही. १९०० च्या सुमारास ते मूळ झाड वादळात आडवे झाले, पण पडल्या खोडातून त्याने पुन्हा फांदी उभी केली. न्यूटनच्या वुल्सथॉर्पच्या झाडाचीही हीच कथा: एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते वादळाने उलथले आणि पुन्हा रुजले. (त्या झाडाची कलमे पुण्याला आयुकाच्या आवारात लावली गेली होती; पण सफरचंदाला हिवाळ्यात जी दीर्घ थंडी लागते ती पुण्याने कुठून द्यावी?) सफरचंदाचे झाड वाऱ्यापुढे पडते, पण पडले म्हणजे मेले असे नव्हे. वादळानंतर उलथलेले झाड पाहून लगेच करवत आणू नये. मुळांचा एक भाग जमिनीत असेल तर माती ओढून द्यावी, फांद्या हलक्या कराव्यात आणि दोन उन्हाळे वाट पाहावी.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या ऋतूतले बागकाम वाराच ठरवतो. अटलांटिकवरून येणाऱ्या वादळांना ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१५ पासून नावे दिली जातात, आणि नावांची नवी यादी सप्टेंबरात सुरू होते. २०२३ च्या ऑक्टोबरात 'बॅबेट' येऊन गेले, नोव्हेंबरच्या आरंभी 'किअरन'. ब्रॅम्ली तोडणीला येते ती नेमकी ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे फळ आणि वादळ यांची शर्यत ठरलेलीच. वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. तेवढ्यात काय करावे? फळ तळहातावर घेऊन किंचित उचलावे आणि हलकेच पिळावे. देठासकट सुटून आले तर ते तयार. ओढावे लागत असेल तर त्याला झाडावर राहू द्यावे, मग वाऱ्याने त्याचे काहीही होवो. हिसकलेले फळ पुढच्या वर्षीचा डोळा घेऊन येते.

हाताने तोडलेले निर्दोष फळ टिकते. कागदात गुंडाळून, एकमेकांना न खेटता, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवले तर ब्रॅम्ली मार्चपर्यंत जाते. इथे आपल्या आढीच्या उलट न्याय आहे. आढीत आंबे एकमेकांच्या उबेत पिकावेत म्हणून जवळ ठेवायचे. इथे पिकू नयेत म्हणून दूर. दोन्हींमागे इथिलीन हा एकच वायू. एक नासका आंबा आढी नासवतो ही म्हण सफरचंदालाही तंतोतंत लागू आहे, आणि इंग्रजीत ती सफरचंदाच्याच नावाने आहे. जमिनीवर पडलेले फळ मात्र कितीही देखणे दिसो, ते साठवायचे नाही. सालीखाली मार लागलेला असतो, तो चार दिवसांनी तपकिरी होऊन वर येतो. म्हणून वादळानंतरचा आठवडा हा स्वयंपाकघराचा आठवडा.

इंग्रज घरांत या आठवड्यात क्रंबल होते, जेली होते आणि चटणी होते. 'चटणी' हा शब्द आपल्याकडून गेला. पदार्थ मात्र तिथे जाऊन पुरता बदलला. व्हिनेगर, साखर, मनुका, कांदा घालून तास-दोन तास आटवायची आणि बरणीत महिना-दोन महिने मुरू द्यायची, ही आपल्या मते चटणी नव्हे, लोणच्याची चुलतबहीण. चव चांगली असते, वाद नाही. पण ब्रॅम्लीचे खरे सार्थक मेथांब्यात होते असे माझे ठाम मत आहे. किलोभर फोडींना साधारण अर्धा किलो गूळ. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद. फोडी घालून झाकण ठेवावे, मऊ पडल्या की गूळ, तिखट, मीठ. फोडी कैरीसारख्या अखंड राहत नाहीत, अर्ध्या विरघळतात, आणि सफरचंदात पेक्टिन भरपूर असल्यामुळे रस आपोआप दाट होतो. फ्रीजमध्ये आमच्याकडे तो दोन-अडीच महिने राहतो, म्हणजे तोपर्यंत उरला तर. गर उकडून, गूळ-वेलची घालून पन्हेही उत्तम होते. ऑक्टोबरात पन्हे पिणे विचित्र वाटेल, पण ते गरम पिऊन पाहावे. साखरांब्याच्या भानगडीत पडू नये. कीस विरून जातो.

सगळी फळे वापरून होत नाहीत आणि होऊही नयेत. किडकी आणि कुजकी वेचून काढावीत, कारण तपकिरी कुजीचा रोग झाडावर वाळलेल्या फळांतूनच पुढच्या वर्षी पसरतो. थोडी चांगली मात्र झाडापासून लांब, कुंपणाकडे ठेवावीत. तिथे ऑक्टोबरात रेड अॅडमिरल फुलपाखरे रस शोषायला बसतात, आणि थंडी वाढली की स्कँडिनेव्हियातून आलेले फील्डफेअर पक्षी उतरतात. याच महिन्यात खोडाभोवती चिकट पट्टी बांधायची असते. विंटर मॉथची मादी पंखहीन असते आणि चालत खोड चढते, ती तिथे अडकते.

इंग्रजांनाही या सुगीचा विसर पडला होता हे इथे सांगितले पाहिजे, नाहीतर सगळे खापर आपल्याच माणसांवर फुटेल. नॅशनल ट्रस्टच्या २०२२ च्या पाहणीनुसार इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या पद्धतीच्या फळबागांपैकी १९०० पासून सुमारे चार-पंचमांश नाहीशा झाल्या. १९९० साली २१ ऑक्टोबरला 'कॉमन ग्राउंड' या संस्थेने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला 'अॅपल डे' भरवला तो याच काळजीपोटी. तेव्हापासून गावोगावी असे दिवस होतात, फळ ओळखून देणारे जाणकार बसतात, लोक पिशवीतून आपापली अनोळखी सफरचंदे घेऊन येतात. तिथे मराठी चेहरे अगदी तुरळक दिसतात, आणि त्याच आठवड्यात पानांची छायाचित्रे काढायला गेलेले मात्र पुष्कळ.

ज्यांनी झाड तोडले आहे त्यांना अजून एक वाट आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची कलमे स्वस्तात मिळतात. ब्रॅम्ली लावायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तिचा पराग निरुपयोगी असतो, तेव्हा शेजारीपाजारी दुसऱ्या जातींची दोन झाडे आहेत ना हे कुंपणावरून डोकावून पाहावे. आधाराची खुंटी खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच बांधावी, म्हणजे वरचे झाड वाऱ्यात हलत राहील आणि खोड जाड होईल. जुन्या झाडाच्याच खड्ड्यात लावू नये. फरशीची दोन चौकटी उखडली तरी जागा पुरते.