आजाचा मचवा दुरुस्त करावा का?

मागच्या रविवारी सात रस्त्यावर भाजी घेत असताना कुवेतहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि त्याने थेट विचारलं, "सर, आमच्या आजाचा मचवा तुम्हाला आठवतो का?"

आठवत होता. बी.एड. झाल्यावर माझी पहिली नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका उर्दू हायस्कूलमध्ये होती. सोलापूरच्या माणसाला पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर काही दिवसांआड येणारा नळ. तिथे मात्र वर्गाच्या खिडकीतून भरती-ओहोटी दिसायची. हा शिडाचा मचवा तेव्हाही माडाखाली चिखलात कलंडून पडलेला होता. डोलकाठी काढून पडवीत टांगलेली. मधल्या सुटीत मुलं त्यात बसून डबा खायची.

आता घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. गावात राहणारे चुलते म्हणतात, मोडून लाकूड विकून टाका. कुवेतमधला पुतण्या म्हणतो, दुरुस्त करू, पुढच्या सुटीत पाण्यात सोडू. मिस्त्रीने सांगितलेला खर्च नव्या फायबरच्या होडीपेक्षा जास्त आहे. चुलते-पुतण्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं आहे. "सर, बुजुर्गांची निशाणी आहे. ती जाळायला कशी द्यायची? तुम्हीच सांगा."

मी लगेच काही सांगितलं नाही. चार दिवस विचार केला. त्यातून जे सुचलं ते इथे लिहितो, कारण असा एखादा मचवा आपल्या बहुतेकांच्या घरी आहे.

आधी एक कडू गोष्ट. "बुजुर्गांची निशाणी" हे शब्द आपण फार सहज वापरतो. एकदा वस्तूला निशाणी म्हटलं की ती सांभाळायच्या जबाबदारीतून आपण मोकळे होतो. हा मचवा वीसेक वर्षं निशाणीच होता आणि वीस वर्षं पावसात कुजत होता. सोलापुरात तरी वेगळं काय झालं? किती घरांत आजोबांचा हातमाग निशाणी म्हणून ठेवला गेला, वाळवीने खाल्ला आणि शेवटी भंगारवाल्याकडे गेला! तेव्हा निशाणी हे दुरुस्तीचं कारण होऊ शकत नाही. फार तर चौकशी सुरू करायचं कारण होऊ शकतं.

पहिली चौकशी लाकडाची. गावातल्या जाणत्यांकडून मी तेव्हा काही गोष्टी ऐकल्या होत्या. वरून रंग देऊन कोणतीही होडी चांगली दिसते, म्हणून वरून बघायचं नाही. टोकदार सुरी घेऊन तळाच्या फळ्या टोचत जायचं. सुरी सहज आत गेली तर लाकूड संपलं. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो, पण उघड्या पडलेल्या होडीचा मोठा शत्रू म्हणजे आत साचणारं पावसाचं पाणी. मग खिळे बघायचे. लोखंड गंजून भोवतालचं लाकूड काळं पडलं असेल तर फळी बदलावी लागते. शेवटी लांबून उभं राहून आकार बघायचा. दोन्ही टोकं खाली बसली आणि मधला भाग वर राहिला असेल, तर होडीचा कणाच गेला. फळ्या बदलता येतात. कणा गेल्यावर जे होतं ती दुरुस्ती नसते, जुन्या नावाने बांधलेली नवी होडी असते.

एवढ्यावर निर्णय होतो असं वाटेल. होत नाही. दुसरी चौकशी जास्त महत्त्वाची आहे: हिच्यावर रोज चढणार कोण?

इथे दोन जहाजांची गोष्ट सांगतो. मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया या पारशी कारागिराने बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. पुढे इंग्लंडमध्ये ती मोडीत निघायच्या बेतात असताना १८९७ साली एका माणसाने ती विकत घेतली आणि मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्यासाठी वापरायला काढली. पोर्ट्समथला तिच्या शेजारी 'इम्प्लॅकेबल' नावाचं आणखी जुनं जहाज उभं असायचं. ते मूळचं फ्रेंच, ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जहाजाच्या दुरुस्तीचा खर्च कोणालाच पेलवेना. फ्रान्सनेही घ्यायला नकार दिला. डिसेंबर १९४९ मध्ये दोन्ही देशांचे झेंडे लावून, मोठ्या इतमामाने ते समुद्रात बुडवण्यात आलं. मुंबईच्या जहाजावर मात्र १९८६ पर्यंत मुलं शिकत राहिली. मग हार्टलपूलला १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं तिची दुरुस्ती चालली, आणि आज ती तिथे पाण्यावर उभी आहे. सागवान टिकाऊ, हे तिच्या टिकण्याचं एक कारण. त्याहून मोठं कारण मला असं वाटतं की तिच्यावर सतत कोणाची तरी पावलं पडत होती.

उलट उदाहरण आपल्याच मुंबईतलं. 'विक्रांत' १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली. काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली. अभिमान सगळ्यांनाच होता, सांभाळायचा भार कोणी उचलला नाही. २०१४ मध्ये ती भंगारात गेली. तिचं काही पोलाद पुढे मोटारसायकलींत आलं, आणि त्या गाडीच्या जाहिराती बघून आपण पुन्हा अभिमान बाळगला.

कुरआनातल्या सूरह कहफमध्येही एक नाव आहे. हजरत मूसा यांच्यासमोर तिला मुद्दाम ऐब आणला जातो, कारण पुढे एक जुलमी बादशहा चांगल्या नावा हिसकावून घेत असतो. हा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो, पण एक तपशील नजरेतून सुटतो. ती नाव दर्यावर कष्ट करणाऱ्या गरिबांची होती. तिला वाचवायचं ते तिच्यावर कोणाची तरी रोजी होती म्हणून. ऐब असूनही ती कामाची राहिली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांबद्दलही बोलतो. नाखवा हा शब्द फारसी नाखुदातून आला, सुकाणू अरबी सुक्कानमधून. खलाशी, बंदर, दर्या हेही तिकडूनच आले आणि कोळी, गाबीत, कोकणी मुसलमान सगळ्यांच्या तोंडी मराठी होऊन राहिले. हा वारसा लाकडापेक्षा मोठा आहे आणि लाकडाच्या आधी मरतो. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज २०२५ साली कारवारला नौदलात दाखल झालं. तिथे वाचवायला जुनी होडी नव्हतीच. काथ्याने फळ्या शिवण्याची विद्या जाणणारे केरळचे कारागीर होते, म्हणून ते जहाज उभं राहिलं. विद्या जिवंत असेल तर होडी पुन्हा बांधता येते. नुसत्या लाकडातून विद्या परत येत नाही.

चौथ्या दिवशी मी विद्यार्थ्याला फोन केला. म्हटलं, "मिस्त्रीला पैसे देऊ नकोस, लाकूडही विकू देऊ नकोस. पावसाच्या आधी मचव्यावर छप्पर घाल आणि आत साचलेलं पाणी काढून टाक. त्याला फार खर्च नाही. आजाबरोबर दर्यावर गेलेलं गावात कोणी हयात असेल तर त्यांना तिथे खुर्ची टाकून बसव. प्रत्येक भागाचं नाव, माप, शीड कसं चढवायचं, सगळं मोबाइलवर उतरवून घे. आणि गावात कायम राहणारी, हा मचवा वापरणारी दोन माणसं शोध. सापडली तर दुरुस्ती कर. नाही सापडली तर डोलकाठी आणि सुकाणू शाळेला दे आणि बाकीचं लाकूड चुलत्यांना विकू दे. त्यात आजाचा अपमान नाही. चिखलात सोडून देण्यात आहे."

तो म्हणाला, "पण सर, पैसे माझे आहेत."

"म्हणूनच सांगतो," मी म्हटलं. आखाताच्या पैशातून बांधलेली, वर्षभर कुलूप असलेली घरं मी त्याच्याच गावात पाहिली आहेत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दूर असतो आणि जो जवळ असतो त्याला कोणी विचारत नाही. वर्षातून महिनाभर येणाऱ्या माणसाच्या हौसेवर होडी तरंगत नाही. निर्णय पैसे देणाऱ्याने नव्हे, सांभाळणाऱ्याने घ्यायला हवा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गावात होडी चालवणारा एकच आहे सर. चुलत्यांचा मुलगा. त्याला मी अजून विचारलंच नाही."

मी म्हटलं, आधी त्याला फोन कर.