बिनदुखीची कावीळ



गेल्या वर्षी पर्युषण संपले, तेव्हा बोरी अरबच्या बाजारपेठेतील आमच्या एका स्नेही शेठजींचे सर्वत्र कौतुक चालले होते. वय ६२, तरी अठ्ठाई निर्विघ्न पार पडली होती. पारण्यानंतरही त्यांचे वजन उतरतच राहिले. त्याचे श्रेय आम्ही सर्वांनी तपालाच दिले. त्याच सुमारास रक्तातील साखर प्रथमच वाढलेली आढळली. व्यापाऱ्याच्या घरी साखर असायचीच, असे म्हणून गोळी सुरू झाली. दिवाळीच्या तोंडावर डोळे पिवळे झाले. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हते. आपल्या भागातील रीतीप्रमाणे कावीळ उतरविणाऱ्याकडे नेऊन गळ्यात माळ घातली गेली. माळ रोज थोडी लांबत होती आणि तेवढी कावीळ उतरली, असे घरचे समाधान मानीत होते. असे सहा आठवडे गेले. अखेर नागपूरला सीटी स्कॅन झाले. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती.

त्या रात्री त्यांच्या मुलाचा मला दूरध्वनी आला. "काका, तुम्ही आयुष्यभर टक्केवारीच केली. बाबा वाचण्याची शक्यता किती टक्के, ते मला खरे सांगा."

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते आज मांडतो.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत असते. पचनाचा रस आणि इन्सुलिन तेथे तयार होते. जागा इतकी खोल की, गाठ हाताला लागत नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार या कर्करोगाचे सुमारे १३ टक्के रुग्ण निदानानंतर पाच वर्षे जगतात. मात्र हा एकच आकडा पाहून थांबू नये. गाठ स्वादुपिंडापुरती असताना सापडली, तर हेच प्रमाण सुमारे ४४ टक्के असते. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते सुमारे ३ टक्क्यांवर येते. रोगाचे नाव एकच, पण निदान केव्हा झाले यावर एवढा फरक पडतो. शिवाय, शाखेतील सरासरी ठेव सांगून जशी एखाद्या खातेदाराची शिल्लक सांगता येत नाही, तसेच सरासरीवरून एका रुग्णाचे आयुष्य सांगता येत नाही.

रोग मुळातून जाण्याची खरी आशा शस्त्रक्रियेतच आहे. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात असेल, तर व्हिपल शस्त्रक्रिया करतात. अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती मांडली. परंतु निदानाच्या वेळी दहापैकी जेमतेम दोन रुग्णच शस्त्रक्रियेस योग्य असतात. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी जोडल्याने आयुष्य वाढते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अनेक औषधांची एकत्रित केमोथेरपी घेणारे निम्मे रुग्ण साडेचार वर्षांहून अधिक जगले. एकाच जुन्या औषधावरील रुग्णांत हा काळ सुमारे तीन वर्षांचा होता. ही शस्त्रक्रिया अवघड असल्याने जेथे ती वारंवार होते, तेथेच करावी. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर काम करीत आहे. कोठेही गेलात, तरी सर्जनना निःसंकोच विचारावे : आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आपणांस आठवत असतील. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले. पुढे अमेरिकेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये उपचार झाले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाही त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्च रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जिद्द होती, उत्तमोत्तम डॉक्टर होते. तरी वर्ष-सव्वा वर्षाचाच काळ मिळाला. उलट, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची लहानशी गाठ २००९ मध्ये नेहमीच्या तपासणीत सापडली. शस्त्रक्रियेनंतर त्याच महिन्यात त्या न्यायासनावर परतल्या आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक जगल्या. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये त्या याच रोगाने गेल्या. पण ती अकरा वर्षे लहान गाठ वेळेवर सापडल्याने मिळाली.

म्हणून पन्नाशीनंतर पुढील लक्षणे हलक्यात घेऊ नयेत. न दुखता आलेली कावीळ, गडद लघवी, पांढरट शौच, अंगाला खाज; कारणाविना घटणारे वजन; अचानक उद्भवलेला मधुमेह; पोटातून पाठीकडे जाणारी वेदना. प्रत्येक वेळी कर्करोगच असेल असे मुळीच नाही, बहुधा नसतोच. परंतु बिनदुखीची कावीळ ही या रोगाने दिलेली एक सवलत आहे. डोक्याकडील गाठ पित्तनलिका दाबते, म्हणून ती कधी कधी लवकर कळते. माळ लांबते ती वनस्पतीचे तुकडे सुकून दोरा सैल झाल्याने, असे डॉक्टर सांगतात. आपण मात्र तेवढ्यात ती सवलत खर्च करून टाकतो. माळ घालायचीच असेल, तर घाला. पण त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनही करा. तंबाखू आणि धूम्रपान हे या रोगाचे एक मोठे कारण आहे, हेही दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या तरुणांनी ध्यानी ठेवावे.

आपल्या घरांत उद्भवणारी एक अडचणही सांगतो. अन्न पचावे म्हणून या रुग्णांना पाचक विकरांच्या कॅप्सूल देतात आणि त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवितात. अनेक घरांत हे कळताच औषध गुपचूप बंद होते आणि रुग्ण आणखी खंगतो. असे करू नये. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि निर्णय रुग्णाला घेऊ द्यावा.

आणि पैशाविषयी, कारण तो माझा विषय. शंभर टक्के बरे करतो असे म्हणणाऱ्यास एक रुपयाही देऊ नका. उपचारांचे अंदाजपत्रक लेखी घ्या. सरकारी आरोग्य योजनेत आपण बसता का, ते रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारा. दुकान विकण्यापूर्वी हेतू विचारा : आजार जाणार आहे, की काळ वाढणार आहे, की वेदना कमी होणार आहेत? तिन्ही हेतू चांगले आहेत. मात्र तिन्हींची किंमत एक नसते.

शेठजींपासून आजार लपवावा, असा घरच्यांचा विचार होता. मुलाने तसे केले नाही. शेजारी बसून सर्व सांगितले. शेठजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरे झाले, सांगितलेस. उधारीची वही आण." पित्तनलिकेत नळी बसविल्याने कावीळ आणि खाज उतरली, वेदनेवर औषध मिळाले. त्या महिन्यांत त्यांनी वही पुरी केली, खात्यांवर वारसांची नावे लावली, ज्यांच्याशी वितुष्ट होते त्यांना घरी बोलावून क्षमा मागितली आणि केली. अक्षय्य तृतीयेच्या आधी ते शांतपणे गेले.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आज मी असे देईन : बाबांच्या बाबतीत टक्के फार थोडे होते. पण त्या सहा आठवड्यांपूर्वी ते किती होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या घरी हा हिशेब असा अपुरा राहू देऊ नका.