खामगावची जिनं मोडीत काढू नका

जळंबला मुख्य लोहमार्ग सोडून निघालेला तेरा किलोमीटरचा फाटा खामगावात येऊन थांबतो. प्रवाशांची सोय हे त्याचं पहिलं काम नव्हतंच. तो आला कापूस न्यायला. मार्च 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः इथवर आला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाला वऱ्हाड आठवलं! त्याआधी वऱ्हाडचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरला जाई. रेल्वे आली, त्याच वर्षी इंग्लंडची समुद्री तार मुंबईला पोहोचली आणि लिव्हरपूलच्या भावावर खामगावचे अडते बोली लावू लागले.

त्या काळाची खूण म्हणजे जुन्या जिन-प्रेसची आवारं. कापसातून सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठ बांधायची, लोखंडी पट्ट्या आवळायच्या, वर मार्का मारायचा. आगीच्या धास्तीने ऐसपैस ठेवलेली मोकळी जागा, जाड भिंती, उंच धुराडं. खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं, पण माझ्या मते त्या चांदीला गिऱ्हाईक मिळालं ते कापसाच्या पैशातूनच.

पुढे 1972 मध्ये राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, नंतर तीही गेली. शेतात सोयाबीन शिरलं. आता जुनं आवार म्हणजे गावातली मोक्याची जागा, आणि अशी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

सगळं जसंच्या तसं ठेवा, असा हट्ट नाही. मालकांनाही पोटापाण्याचा व्यवहार आहे. पण नगर परिषदेने जुन्या जिनांची, बाजाराच्या वास्तूंची वारसा यादी करावी. एखादं आवार तरी धुराड्यासकट राखून तिथे कापसाचं संग्रहालय उभारावं. जे पाडायचंच आहे, त्याची आधी मोजमापं आणि छायाचित्रं घ्यावीत. आणि जिनात राबलेल्या म्हाताऱ्या हमालांना, मापाऱ्यांना कॉलेजच्या पोरांनी गाठावं. यंत्र कसं चालायचं, हे इमारत सांगणार नाही, तेच सांगतील.

अडत्यांच्या घरांत जुने रोजमेळ, पावत्या, मार्क्यांचे पत्रे अजून माळ्यावर पडलेले असतील. यंदा दिवाळीची आवरासावर करताना ते रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या इतिहास विभागात नेऊन द्या.