जिन्याखालची तीन बाय चारची सोय

जुन्या वाड्यांत संडास बहुधा परसात, नाहीतर चौकाच्या पलीकडे. तरणी माणसं जातात-येतात. पण सासूबाईंचे गुडघे कुरकुरू लागले की रात्रीचा तो फेरा जिवावर येतो. मग त्या कुणाला काही न सांगता संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडतात. त्यातून लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ अशी दुखणी मागं लागतात. तेव्हा मैत्रिणींनो, जिन्याखाली किंवा जुन्या मोरीत ३ फूट बाय ४ फूट जागा निघत असेल, तर हा खर्च पुढं ढकलू नका.

आधी बाहेरचं चेंबर कुठं आहे ते पाहा. मैलापाण्याचा पाइप ४ इंची लागतो आणि त्याला सारखा ढाळ हवा. चेंबर जवळ, तेवढं काम सोपं. भिंत फोडायची झाली तर इंजिनिअरला दाखवूनच. नगरपालिकेची परवानगी लागते का, तेही विचारावं. घर भाड्याचं असेल तर मालकांची संमती लेखी घ्यावी, तोंडी नको.

जिन्याखाली कमोडची पाठ उतरत्या बाजूला ठेवावी, म्हणजे उभं राहायला उंच बाजू मिळते. कमोडच्या पुढं निदान पावणेदोन फूट मोकळे हवेत. कमोडचा पाइप खाली जमिनीत जाणार की मागं भिंतीत, हे ठरल्यावरच दुकानात जा. जमिनीत जाणार असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टाइल्स धरून मोजायला सांगा. गिलावा आणि टाइल मिळून इंच-दीड इंच सहज जातो, अन् मग नवा कोरा कमोड बसतच नाही!

गवंडी घाई करील, पण वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवा. ओल दिसली नाही, तरच टाइल्स.

आणखी काही गोष्टी :

• दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगानंच अडतं. कडीही बाहेरून उघडता येईल अशी घ्या.

• उंबरा अगदी बेताचा, जमिनीच्या टाइल्स खरखरीत.

• आधाराचा दांडा पक्क्या विटांच्या भिंतीतच. मातीच्या भिंतीत नुसता खिळा-स्क्रू धरत नाही. बोल्ट आरपार घालून मागं लोखंडी पट्टी लावावी.

• दिव्याचं बटण दाराबाहेर, सासूबाईंच्या हाताशी.

• खिडकी नसेल तर छोटा एक्झॉस्ट पंखा.

• फ्लशची टाकी दोन बटणांची घ्या. लहान बटणाला साधारण ३ लिटर पाणी लागतं. जुन्या टाक्या एका वेळी १० लिटर सोडत.

गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलात आणि वास आला, तर लगेच प्लंबरला बोलावू नका. जमिनीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल.