बुडापेस्टनंतरचे त्रेचाळीस दिवस

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मौजे मांडव्याचा सुपुत्र आणि महार रेजिमेंटचा जवान अविनाश साबळे १९ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत सातवा आला, आणि पहिल्या पाचांनाच अंतिम फेरीचा परवाना असल्याने त्याचे आव्हान तेथेच संपुष्टात आले. ८ मिनिटे २२.२४ सेकंद ही वेळ, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत रौप्यपदक मिळविताना त्यानेच वर्षभरापूर्वी नोंदविलेल्या ८:११.२० या तेव्हाच्या राष्ट्रीय विक्रमाहून अकरा सेकंदांनी मंद होती, हे शल्य आम्हांलाही बोचले. परंतु अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या यांनी श्वासाची व पायांची परीक्षा घेणाऱ्या या शर्यतीत एक दिवस वैरी निघाला, एवढ्यावरून धावपटूच्या योग्यतेचा फैसला करून मोकळे होण्याची जी घाई आपल्याकडे होते, ती न्यायाला धरून नाही. १ ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत हाच साबळे सर्वांना मागे टाकून जवळजवळ एकटाच धावला आणि ८:१९.५० या स्पर्धाविक्रमी वेळेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्यानंतर ५००० मीटरचे रौप्यही त्याने तेथेच मिळविले.